छापील आधार नसलेली तार

आप्पाजीराव मोहित्यांवर कुणी दोन ओळी लिहिल्या नाहीत, म्हणून मी लिहिते आहे. मला लिहायची हौस नाही. राग आहे, आणि तीन वर्षं झाली तरी तो उतरत नाही. कुणाचा राग, ते वाचता वाचता कळेल.

आधी माझं सांगते. मी मथुरा, मूळची निपाणीची, लग्न होऊन बंगळूरला आले. राजाजीनगरातल्या आमच्या मराठी मंडळाचं वाचनालय मी सांभाळायची. १९९३ साली मंडळाच्या डोक्यात आलं, की इथल्या मराठी पोरांसाठी एक ज्ञानकोश काढायचा. पोरं शिकणार कन्नडात नाहीतर इंग्रजीत, घरी मराठी बोलणार तीही निम्मी कन्नड, 'थोडं'ला 'स्वल्प' आणि 'बरं'ला 'सरी' म्हणत. त्यांच्या हातात निदान एक जाडजूड मराठी पुस्तक असावं, असा विचार. नऊशे पानं, एकच खंड. संपादक म्हणून भीमाचार्यांना बोलावलं. कॉलेजातून निवृत्त झालेले प्राध्यापक, जे. पी. नगरहून दोन बस बदलून वेळेच्या आधी पाच मिनिटं हजर. त्यांच्या हो ला हो करायला दोन सभासद, आणि कार्डं लिहायला मी.

कार्डांचा नियम आचार्यांनी पहिल्याच दिवशी घालून दिला. निळं कार्ड. वर माहिती, खाली डाव्या कोपऱ्यात छापील आधार: पुस्तकाचं नाव, साल, पान. कोपरा रिकामा असेल तर कार्ड टोपलीत. आचार्य कार्ड हातात घ्यायचे ते आधी कोपरा बघायचे, मग वरचं वाचायचे. मला तेव्हा त्यांचा फार आदर वाटायचा. माणूस कसा शिस्तीचा आहे बघा, असं मी घरी येऊन सांगायची.

आप्पाजीअण्णा आमच्याकडे रोज पेपर वाचायला यायचे. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडं आलेलं, त्यामुळं त्यांचं मराठी म्हणजे मध्येमध्ये कन्नड पेरलेलं. उभा जन्म तार ऑफिसात गेला. बसायचे तिथं उजव्या हाताची बोटं टेबलावर वाजत असायची, कट्ट, कडकट्ट, कट्ट. बाकीचे वाचक कातावायचे. एकदा मीच विचारलं, "अण्णा, काय चाललंय हे?" तर म्हणाले, "बातमी पाठवतोय, अक्का." पेपरात वाचलेली ओळ बोटांतून बाहेर काढल्याशिवाय त्यांना ती वाचल्यासारखी वाटत नव्हती.

'मोर्स संकेत' ही नोंद त्यांनाच द्यायची असं ठरलं. चार दिवसांत घेऊन आले. सुवाच्य अक्षर, एक खाडाखोड नाही. शोध कुणी लावला, टिंब आणि रेघ म्हणजे काय, आपल्या देशात तारा कधी ओढल्या, सगळं आधारासकट. आचार्य खूश झाले. मग त्यांनी शेवटचं पान उलटलं, आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

शेवटी मथळा होता: 'चित्रपट, नाटकं आणि जाहिरातींतला मोर्स'. खाली त्रेसष्ट नोंदी. हा माणूस चाळीस वर्षं तारेचं दृश्य असलेलं प्रत्येक पिक्चर बघायचा आणि पडद्यावर खरंच काय वाजलं ते वहीत टिपायचा. एका हिंदी चित्रपटात नायक तुरुंगाच्या भिंतीवर ठोकून मदत मागतो, पण ठोकतो ते नुसतंच ट ट ट ट. दुसऱ्यात जहाज बुडतंय आणि तारवाल्याचा हात यंत्राच्या चुकीच्या टोकावर. एका घड्याळाच्या जाहिरातीत टिकटिकीमधून चक्क दुकानाचा पत्ता निघतो. मला तर वाचताना मजा आली.

"आप्पाजीराव, हे काय?" आचार्य म्हणाले.

"सिनेमातला मोर्स."

"हे ज्ञान नव्हे. फुटकळ गंमत आहे. कोश म्हणजे रविवारची पुरवणी नाही. आज इथं सिनेमा घेतला, तर उद्या घोड्याच्या नोंदीत कोणत्या नटाला कोणत्या घोड्यानं पाडलं तेही घ्यावं लागेल."

दोघं सभासद हसले. खोटं कशाला बोलू, मीही हसले. मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. नऊशे पानांत कोंबणार तरी किती?

अण्णा चिडले नाहीत. म्हणाले, "आचार्य, तार ऑफिसात आत जाऊन तुम्ही कधी यंत्र बघितलंत?"

"नाही."

"मग कडकट्ट वाजलं की तार आली, हे तुम्हांला कुठं कळलं?"

आचार्यांनी समोरची निळी कार्डं सारखी केली. मग म्हणाले, "सिनेमात."

"सगळ्यांना तिथंच कळलं. ऑफिसात आता टेलिप्रिंटर आले. माझं यंत्र कपाटात गेलं. मोर्स आता राहतोय कुठं? पडद्यावर. जिथं राहतो तो पत्ता द्यायचा नाही, तर बाकी सगळं लिहून काय उपयोग?"

कुणी आचार्यांचं तोंड बंद केलेलं मी पहिल्यांदाच बघितलं. पण आचार्यांच्या हातात नियम होता. त्यांनी पानाच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "छापील आधार?"

"माझे कान," अण्णा म्हणाले.

पान टोपलीत गेलं.

दुसऱ्या दिवशी अण्णा आले ते माझ्या टेबलापाशी. बासष्ट नोंदी गेल्या तर जाऊ देत म्हणाले, कन्नडात 'बिडी', म्हणजे सोडा त्या. एकेचाळिसावी तेवढी राहू द्या. ती अशी होती: 'कोनेय तंती' नावाचा जुना कन्नड चित्रपट, म्हणजे 'शेवटची तार'. त्यात तार येते तेव्हा चाळीस सेकंद नायिकेच्या चेहऱ्यावर कॅमेरा आहे आणि मागं यंत्र वाजतंय. अण्णांना एवढंच छापून हवं होतं: 'ही तार कृष्णाबाई मोहिते यांनी वाजवली. संदेश खरा आहे.'

कृष्णाबाई त्यांची बायको. तीही तार ऑफिसात होती, त्या काळी. वारून दोन वर्षं झाली होती.

"काय संदेश आहे, अण्णा?"

"घरगुती आहे. तो छापायचा नाही. खरा आहे, एवढंच छापायचं."

मी आचार्यांच्या मागं लागले. शेवटी ते म्हणाले, बरं, ऐकू तरी. योगायोगानं त्याच महिन्यात एका रविवारी संध्याकाळी दूरदर्शनवर ते पिक्चर लागलं आणि अण्णांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून तेवढा भाग कॅसेटवर घेतला. सोबत येलहंक्याहून यल्लाप्पांना आणलं. यल्लाप्पा म्हणजे अण्णांचे जुने सहकारी, ऑफिसात शेजारच्या यंत्रावर बसणारे. मंडळाच्या खोलीत कॅसेट लावली. कट्ट, कडकट्ट, कट्ट कट्ट. आम्हांला पत्र्यावर चिमणी नाचावी तसं ऐकू आलं. यल्लाप्पा मात्र मान खाली घालून बसले होते.

"संदेश खरा आहे," ते म्हणाले. "हात कृष्णाक्कांचा. दर माणसाची वाजवायची ढब वेगळी असते, अक्षरासारखी. मी शपथेवर सांगतो."

"काय लिहिलंय ते सांगा," आचार्य म्हणाले. "शब्द सांगा, आम्ही पुन्हा ऐकतो, पटलं तर बघू."

यल्लाप्पांनी मान हलवली. "ते नाही सांगता येत."

"का?"

"नोकरीला लागताना शपथ घेतलीय. तारेतला मजकूर ज्याच्या नावानं आहे त्याच्याशिवाय कुणाला सांगायचा नाही. ही तार माझ्या नावानं नाही."

"अहो, सिनेमा आहे तो! आणि तुम्ही निवृत्त झालात!"

"निवृत्त नोकरीतनं झालो," यल्लाप्पा म्हणाले.

आचार्यांनी अण्णांकडं बघितलं. अण्णांनी खिडकीकडं बघितलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अरे, दहा शब्द सांगून टाका की! कोण फासावर देणार आहे तुम्हांला? पण दोघं म्हातारे दगडासारखे बसले. आचार्यांनी वही मिटली. "साक्षी कोर्टात चालतात. कोशाला छापील आधार लागतो."

त्या आठवड्यात मी तडक अण्णांच्या घरी गेले आणि त्यांना चांगलं फैलावर घेतलं. शपथ यल्लाप्पाची असेल, तुमचं काय? त्यांनी मला बसवलं, कॉफी केली, आणि सांगितलं. कुणाला सांगणार नाही असा माझ्याकडून शब्द घेतला. तो शब्द मी आज मोडते आहे. तेव्हा मोडायला हवा होता.

१९६६ साली अण्णांची बदली बळ्ळारीला झाली. कृष्णाबाईंनी नोकरी सोडून बरोबर यावं, असं त्यांचं म्हणणं. त्या म्हणाल्या, "तुम्हीच सोडा की." शब्दाला शब्द वाढला, अण्णा नको ते बोलले आणि एकटेच निघून गेले. दहा महिने पत्र नाही. दोघंही एकाच मातीची. जो आधी लिहील तो हरला! ऑफिसच्या तारेवरून निरोप पाठवावा तर मधल्या प्रत्येक स्टेशनावरच्या माणसाच्या कानात पडणार. अण्णा म्हणाले, "आमचं भांडण वाटेतल्या गुंतकल जंक्शनपर्यंत सगळ्यांनी चघळलं असतं."

तेव्हाच सिनेमावाले ऑफिसात आले. त्यांना खरा आवाज हवा होता. सुट्टीच्या दिवशी कृष्णाबाई गेल्या. काय वाजवू, म्हणून विचारलं, तर म्हणाले काहीही वाजव. आणि या बाईनं विचार केला, की आपला नवरा जेवण सोडेल, पण तारेचं दृश्य असलेलं पिक्चर सोडणार नाही. चुका काढायला तरी जाईलच. तिनं इंग्रजी अक्षरांत मराठी वाजवलं: आप्पाजी, राग सोडा. मी पण सोडला. घरी या. कृष्णा.

अण्णा बळ्ळारीच्या थिएटरात वही-पेन्सिल घेऊन बसले होते. पहिल्या तीन अक्षरांतच हात ओळखला. पडद्यावर नायिका रडत होती, सगळं थिएटर तिच्याबरोबर रडत होतं. अण्णा खुर्च्यांमधनं लोकांच्या पायांवर पाय देत बाहेर पडले आणि मिळेल त्या गाडीनं बंगळूरला आले. दारात कृष्णाबाई म्हणाल्या, "सिनेमा बघितला म्हणायचा." त्यापुढं त्यांचं त्या विषयावर कधी बोलणं झालं नाही. पंचवीस वर्षं सुखानं संसार झाला. मूलबाळ नव्हतं.

"तिनं काही मागं ठेवलं नाही, अक्का," अण्णा म्हणाले. "ऑफिसवाल्यांनी जुने कागद जाळले. सिनेमावाल्यांनी तिचं नाव दिलं नाही. तिच्या हातचं एवढंच आहे, आणि ते ओळखणारे आम्ही दोघं. आम्ही गेलो की ते नुसतं कट्ट कट्ट. नाव आणि 'खरा आहे', बस. मजकूर आमचा आमच्याकडं राहू दे."

मी रडले. आणि ठरवलं, छापील आधार पाहिजे ना, छापील आधार आणून तोंडावर टाकते.

पुढचे तीन महिने मी अव्हेन्यू रोडवरची जुन्या पुस्तकांची दुकानं पालथी घातली. धुळीनं घसा बसला. शेवटी एका जुन्या कन्नड सिनेसाप्ताहिकात 'कोनेय तंती'च्या दिग्दर्शकाची मुलाखत सापडली. त्यात तारेच्या दृश्याबद्दल चार ओळी होत्या. त्यांचं मराठी असं: 'आवाज खरा हवा होता म्हणून तार ऑफिसातली एक बाई आणून बसवली. तिला म्हटलं, काहीही वाजव, कुणाला कळतंय? अर्थबिर्थ काही नाही त्यात.'

मी काय वाचलं? तार ऑफिसातली एक बाई. डोळे तिथंच चिकटले. माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. निळं कार्ड काढलं, कृष्णाबाईंचं नाव लिहिलं, 'संदेश खरा' लिहिलं, आणि खाली डाव्या कोपऱ्यात झोकात साप्ताहिकाचं नाव, तारीख, पान. आचार्यांनी कोपरा बघितला आणि पहिल्यांदाच म्हणाले, "शाबास, मथुराबाई." कात्रण मागून घेतलं.

१९९५ च्या शेवटी मुद्रितं आली. 'मोर्स संकेत', शेवटचा परिच्छेद: 'चित्रपटांतून ऐकू येणारा तारेचा आवाज बहुधा निरर्थक असतो. उदाहरणार्थ, "कोनेय तंती" या कन्नड चित्रपटात तो तार कार्यालयातील एका बाईंकडून वाजवून घेतला होता. त्याला काहीही अर्थ नव्हता.'

मला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. मी तशीच आचार्यांकडं गेले. "हे काय केलंत?"

"आधार तुम्हीच आणलात," ते शांतपणे म्हणाले. "नाव त्यात छापलेलं नाही, म्हणून नाव काढलं. अर्थ नाही असं छापलंय, म्हणून ते घेतलं. तुमच्यामुळं सिनेमाचा एक तरी मुद्दा नोंदीत आला. आप्पाजीरावांनाही बरं वाटेल."

"अर्थ आहे त्याला. मला माहीत आहे काय आहे तो."

"मग सांगा."

मजकूर अगदी ओठांपर्यंत आला होता. पण शब्द दिलेला. मी पण अण्णांसारखं खिडकीकडं बघितलं. आचार्यांनी चष्मा काढला आणि खरंच मायेनं म्हणाले, "हवं तर अख्खा परिच्छेद काढतो. पण मग त्या बाईंचा उल्लेखच राहणार नाही. तुम्ही ठरवा. मी तुमच्यावर सोडतो."

आणि मी ठरवलं. मी विचार केला, काहीच नसण्यापेक्षा 'एक बाई' तरी राहू दे. कुणीतरी होती, एवढं तरी. मी म्हणाले, "राहू द्या." अण्णांना विचारलं नाही. विचारायला हवं होतं, पण धीर झाला नाही. मनाला समजावलं, नऊशे पानांत म्हातारा कुठं बघणार! जणू काही तो माणूस दुसरं कुठलं पान उघडणार होता.

जानेवारीत प्रकाशन झालं. हार, शाली, नारळ, भाषणं. लेखकांना एकेक प्रत दिली. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. प्रत घेऊन ते खिडकीशी जाऊन उभे राहिले, आणि मी लांबून बघत राहिले. पानं उलटली, थांबले. त्यांची उजव्या हाताची बोटं पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर होती, पण हलत नव्हती.

मी जवळ गेले. पळून जाण्यापेक्षा ते बरं वाटलं.

"अक्का, हे तू लिहिलंस?"

"कार्ड माझं. वाक्य आचार्यांचं."

"आधार?"

"मी शोधला."

त्यांनी मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं. मला चार शिव्या द्यायला हव्या होत्या, पुस्तक अंगावर फेकायला हवं होतं. ते फक्त त्या ओळीकडं बघत होते.

"आता पुढं कुणी विचारलं, तर हेच दाखवणार ना?"

"हो, अण्णा."

"यल्लाप्पा नाही म्हणाला तरी? मी नाही म्हणालो तरी?"

"छापलंय ना आता."

"सरी," ते म्हणाले. पुस्तक मिटलं, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. मग माझ्याकडं बघून, खरंच काहीतरी विचारायचं असतं तसं, त्यांनी विचारलं, "मग मी बळ्ळारीहून कुणाच्या बोलावण्यावर परत आलो गं?"

मागं सगळ्यांचा फोटो काढायचा चालला होता. आचार्यांनी हात करून मला बोलावलं, दोनदा नाव घेतलं. मी गेले. फोटो मंडळाच्या भिंतीवर आहे. मी आचार्यांच्या उजवीकडं उभी आहे आणि माझ्या हातात कोश आहे.